शिट्ट्यांच्या हंगामातली व्याख्यानं

जानेवारी लागला की आमच्या रस्त्यावर वाढ्यांचा, उसाच्या शेंड्यांचा, हिरवा चुरा पडायला लागतो. उसाच्या ट्रॉल्या एकीमागून एक चाललेल्या असतात, प्रत्येकीवर वेगळं गाणं, आणि मागच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत जाणारी धूळ मात्र सगळ्यांची एकच. संध्याकाळी गारवा उतरला की कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वास येतो. पाहुण्यांना तो नकोसा होतो. आम्हाला तो आला नाही तर हंगाम सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

यंदा कळंबहून निघाले तेव्हा उन्हं कलली होती. माझं सासर कळंबला, मी शिकवते ती शाळाही तिथलीच. पण व्याख्यानमालेचे दिवस मी माहेरी काढते, कारण सूत्रसंचालन वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे. पिंपळीच्या अलीकडं आमच्या गावाच्या फाट्याला वळले, तर समोरून जाहिरातीची रिक्षा. तिच्यावरच्या कर्ण्यातून माझ्या धाकट्या भावाचा, सलीमचा, आवाज येत होता : "सालाबादप्रमाणे यंदाही... सर्व ग्रामस्थांनी वेळेवर उपस्थित राहावे..." रिक्षा पुढं गेली. मी स्कूटर कडेला घेतली आणि जरा वेळ तशीच उभी राहिले.  कुणाचा पावसाळ्यात गुडघा दुखतो, माझं व्याख्यानमालेत पोट दुखतं.

आमच्या गावाला व्याख्यानं ऐकायचं व्यसन आहे. ज्यांनी अर्ध्या गावाला बाराखडी शिकवली त्या निवृत्त गुरुजींनी ही माला सुरू केली. शाळेच्या पटांगणात मंडप, पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या, खुर्च्यांच्या मागं मोटारसायकली आणि त्यांच्यावर आडवे बसलेले तरुण. विषय ठरलेले असायचे. एक दिवस इतिहास, एक दिवस हृदयविकार, एक दिवस 'आजची पिढी कुठे चालली', आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी पोट धरून हसवणारा, ज्याच्या नकला मग वर्षभर चालायच्या. व्याख्यान पटो न पटो, टाळ्या भरपूर. पाहुण्याला जेवल्याशिवाय आणि टाळ्यांशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे. ती रीत फक्त एकदा मोडली. त्याच संध्याकाळची ही आठवण.

त्या वर्षी गुरुजींनी विषय बदलला होता. गुन्हा, पोलीस आणि न्याय. कारण त्या हंगामात शेतातल्या मोटारी चोरीला जात होत्या. आधी पणदऱ्याकडून बातमी आली, मग पिंपळीकडून, आणि मग आमच्याच कालव्याकडेच्या विहिरींवरून. आमच्याकडं शेतीची लाईट पाळीपाळीनं येते. लाईट आल्यावर माणूस विहिरीवर जाऊन बटण दाबायचा आणि पाणीच यायचं नाही. वाकून बघावं तर खाली नुसता पाईप लोंबतोय. चोर मोटार न्यायचे, फोडून आतली तांब्याची तार काढायचे आणि बाकीचं लोखंड ओढ्यात टाकून द्यायचे. ऐन भरात आलेला गहू पाण्यावाचून माना टाकत होता. घरातलं जनावर कुणी सोडून न्यावं तसे लोक चिडले होते.

चिडल्या माणसांना अफवा लवकर पटतात. कुणी म्हणे आभाळात ड्रोन फिरतो, कुणी म्हणे पांढरी गाडी फिरते. ग्रामसुरक्षा दल निघालं. दलाच्या पोरांनी शिट्ट्या घेतल्या, मग पोरांच्या बापांनी घेतल्या, मग बायकांनीही कनवटीला शिट्ट्या बांधल्या. कुत्रं भुंकलं तरी शिट्टी, मांजरानं पातेलं पाडलं तरी शिट्टी. त्या हंगामात मळीच्या वासाइतकीच शिट्टीही गावाच्या हवेत होती.

आता सलीमबद्दल सांगते. सलीमचं फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. अब्बांचंच ते, अब्बा गेल्यावर त्यानं चालवलं. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, आणि पुन्हा विहिरीत सोडून द्यायची. मोकळ्या वेळात साऊंड सिस्टीम. त्यामुळं गावातल्या साखरपुड्यापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळ्यांचे आवाज त्याच्या हातातून जातात. कुणाची विहीर किती खोल, कुणाच्या विहिरीच्या कपारीत नाग आहे, कुणाचा दोर कुजलाय, सगळं त्याला पाठ. चांगल्या दिवसांत लोक हे कौतुकानं सांगायचे.

त्या हंगामात तेच कौतुक फिरलं. "तांब्याचं काम गावात कोन करतंय?" "समद्या हिरी कुणाला ठावं हायेत?" नाव कुणी घेत नव्हतं, नुसते प्रश्न टाकत होते. आमचं आडनावही त्या प्रश्नांत होतं. ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही. जळालेल्या मोटारी दुकानावरून पुढं, थेट बारामतीला जायला लागल्या. जे थांबायचे ते दोघं-दोघं थांबायचे, आणि त्यातला एकजण हमखास भंगार तारेच्या ढिगाकडं बघून विचारायचा, "ही कुठली रं?" ठाण्यातूनही चौकशीला बोलावणं आलं, एकदा नाही, दोनदा. साहेब नीट बोलले, ढीग तपासला, चहा पाजून सोडलं. पण ठाण्यातून चहा पिऊन आलेला माणूससुद्धा गावाला ठाण्यातून आलेलाच दिसतो.

अम्मीनं त्या दिवसांत घराची पुढची आणि मागची, दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी ठेवायला सुरुवात केली. थंडीनं तिचे सांधे आखडायचे. शाळा सुटल्यावर मी येऊन दार लोटलं की उठून पुन्हा उघडायची. "बघू दे की. ज्याला बघायचंय त्यानं आरपार बघू दे," म्हणायची. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

खरी भीती होती ती रंगनाथ तात्यांची. तात्या आमच्या शेजारचे बागायतदार, भारदस्त, शब्दाला वजन असलेले. सलीमला पोहायला त्यांनीच शिकवलं, स्वतःच्या विहिरीत, कमरेला भोपळा बांधून. त्याच विहिरीवरची त्यांची मोटार दिवेलागणीला गेली. बांधाच्या पलीकडून मोटारसायकलवर पोतं टाकून जाणारा एक माणूस त्यांना पाठमोरा दिसला होता.

हे मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले होते, "कुनीतरी व्हता बगा." काही दिवसांनी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणी विचारलं तेव्हा, "अंगानं सलीमएवढा आसंल." पुढच्या आठवड्यात, "सलीमसारकाच वाटला." आणि व्याख्यानमालेचा मंडप उभा राहायला लागला तोवर, "सलीमच व्हता. म्या बगितला न्हवं का!" ते खोटं बोलत नव्हते. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच मला झोप नव्हती. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. तात्यांना तर चहागणिक तो माणूस जास्त जास्त स्पष्ट दिसत चालला होता.

व्याख्यानमाला संपली की दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्यात लेखी जबाब द्यायला बोलावलं होतं. ओळखीच्या वकिलांनी मला सांगितलं, "त्यांच्यासारख्या माणसानं जबाबात नाव घेतलं तर पोलीस तरी काय करणार? अटक होईल. पुढं सुटेल, पण पुढं म्हणजे किती पुढं, ते विचारू नका."

अशा दिवसांत मला हसऱ्या चेहऱ्यानं 'गुन्हा, पोलीस आणि न्याय' या विषयाची ओळख करून द्यायची होती. मी सलीमला म्हणाले, यंदा आपण दोघंही नको. तो वायर गुंडाळत होता. "आपा, आपुन न्हाय गेलो तर म्हनतील, बगा, तोंड चुकवत्यात. म्या माझ्या टेबलाशी बसनार. तू तुझ्या माईकशी ऱ्हा."

पहिल्या दिवशी निवृत्त पोलीस अधिकारी आले. आवाज असा की सलीमनं माईक जवळजवळ बंदच ठेवला. त्यांनी ग्रामसुरक्षा दलाचं तोंड भरून कौतुक केलं. म्हणाले, "शिट्टी ऐकली की विचार करत बसायचं नाही. धावायचं! आधी धरायचं, मग विचारायचं. मात्र हात उचलायचा नाही, धरून ठेवायचं आणि पोलिसांना बोलवायचं." पोरांनी शिट्ट्या वाजवून दाद दिली. टाळ्या थांबेनात. मी आभार मानले आणि मंचावरून मागं पाहिलं, तर सलीम मान खाली घालून बटणं फिरवत होता.

दुसऱ्या दिवशी इंदापूरचे वकील. शांत, मुद्देसूद. संशयित म्हणजे आरोपी नव्हे, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, आणि गुन्हा शाबीत करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की माझ्या आठवीतल्या मुलांनाही कळावं. लोकांना पटलंही. पण गंमत अशी, की ते 'संशयित' म्हणाले की पुढच्या रांगांतली दोन-चार डोकी कुणी हाक मारल्यासारखी मागं वळायची, साऊंडच्या टेबलाकडं. 'निर्दोष' म्हणाले तेव्हा कुणी वळलं नाही. टाळ्या त्यांनाही मिळाल्या. पुढच्या सकाळी दुकानात मात्र पुन्हा चिटपाखरू नव्हतं.

तिसऱ्या, शेवटच्या दिवशी पुण्याहून मॅडम आल्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी. गुन्हेगारीशास्त्र शिकवायच्या. विषय होता, 'मी डोळ्यांनी पाहिलं'. पुढच्या रांगेत तात्या फेटा बांधून बसले होते. मी मॅडमची ओळख करून दिली, सत्काराचा नारळ आणि शाल ताटात तयार ठेवली, आणि मंचाच्या कडेला जाऊन बसले. मॅडमनी आपली पर्स टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि बोलायला लागल्या. आठवण कशी तयार होते, असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं. मी तात्यांच्या फेट्याकडं बघत होते आणि उद्याचा विचार करत होते.

तेवढ्यात मंचाच्या बाजूनं एक तरुण वर चढला, पर्स उचलली, खाली उडी मारली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं मागच्या बाजूला पळत सुटला.

हे नाटक होतं. पोरगा मॅडमचा विद्यार्थी होता. पर्स घेऊन पळायचं, मंडपाला वळसा घालून मंचामागं यायचं, आणि मग मॅडम विचारणार, सांगा, पळणारा कसा दिसत होता? वर्गात त्या हा प्रयोग नेहमी करायच्या. मुलं आ वासून बघतात, मग हसतात, मग पेन उचलून वर्णन लिहितात. गुरुजी सोडले तर हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, मलाही नाही. आणि मॅडमना हे माहीत नव्हतं की या गावानं दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका वक्त्याचं व्याख्यान मनापासून ऐकलंय.

आमच्या गावानं पेन उचललं नाही. पहिली शिट्टी मोटारसायकलींच्या बाजूनं आली. मग दुसरी. मग इतक्या, की कानांत दुसरं काही शिरेना. सगळा मंडप उठला. खुर्च्या पडल्या, बायकांनी पोरं उचलली, तरुण मागं धावले. मागं अंधूक उजेडात साऊंडचं टेबल होतं. पळणाऱ्या पोराचा पाय वायरीत अडकून वायर ताणली गेली होती, आणि ती वाचवायला सलीम टेबलापासून उठून उभा राहिला होता, हातात वायर धरून.

"धरला! धरला!"

किती हात त्याच्यावर पडले मला दिसलं नाही. टेबल कलंडलं आणि आवाज गेला. मंचावर मॅडम माईक तोंडाशी धरून ओरडत होत्या; "थांबा, हे खोटं आहे, थांबा" असंच म्हणत असणार. ओठ हलत होते, शब्द एकही बाहेर येत नव्हता. त्यांचा आवाज लोकांपर्यंत पोचवणारा एकच माणूस तिथं होता आणि त्यालाच लोकांनी खाली दाबून धरलं होतं.

तात्या गर्दी फोडून पुढं झाले. फेटा सुटून खांद्यावर आला होता. त्यांनी सलीमकडं बोट केलं. "ह्योच! ह्योच पळाला! म्या बगितला, ह्योच त्यो!" आणि मग चहूबाजूंनी तेच. ह्योच. आमी बगितला. ह्योच.

मी मंचावरून उडी मारली. साडी खिळ्याला अडकून फाटली. "सोडा त्याला! तो जागचा हललेला नाही!" मी ओरडत होते आणि शिट्ट्यांत माझं मलाच ऐकू येत नव्हतं. हातात काय आहे हे मला माहीत नव्हतं. तो सत्काराचा नारळ होता. तो मी कुणाच्या तरी पाठीत घातला. कुणाची पाठ ते आजवर कळलं नाही, आणि मला त्याचं आजवर वाईटही वाटलेलं नाही.

लोकांनी सलीमला मारलं नाही, हे कबूल करायला हवं. पहिल्या दिवशीच्या साहेबांनी सांगितलं होतं तसं धरून ठेवलं. पण धरून ठेवायला वीस माणसं लागत नाहीत. त्याचा गाल मातीत घासला होता आणि स्वेटर बाहीपासून उसवला होता.

मग मंचामागून गुरुजी आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं त्या विद्यार्थ्याचं मनगट धरलेलं. विद्यार्थी पांढराफटक पडला होता, काखेत मॅडमची पर्स. गुरुजींचा घसा बसला होता, तरी ते ओरडले, "अरं, ह्यो बगा! ह्यो हाय त्यो! सोडा त्या लेकराला!"

शिट्ट्या एकेक करून थांबल्या. हात एकेक करून निघाले. ज्यानं शेवटपर्यंत कॉलर धरली होती त्यानं ती सोडताना हातानं नीट केली, जणू सलीम कुठं लग्नाला निघाला होता. विद्यार्थ्याच्या अंगात पांढरा शर्ट होता आणि डोळ्यांवर चष्मा. सलीमच्या अंगात अम्मीनं विणलेला लाल स्वेटर. दोघं शेजारी उभे होते आणि सगळं गाव त्या दोघांकडं बघत होतं.  लांब रस्त्यावरून ट्रॉलीचं गाणं तेवढं येत होतं.

सलीमनं गालावरची माती पुसली. टेबल उभं केलं, वाकून वायर शोधली, जोडली, बटण फिरवलं. कर्ण्यातून खरखर आली, आणि मग त्याचा आवाज, अगदी रोजच्यासारखा. "हॅलो... हॅलो, चेक. मॅडम, आवाज येतुय. बोला."

 मॅडमनी चष्मा काढून पुसला. आधी सलीमची माफी मागितली. चूक माझी आहे, म्हणाल्या, गावाची नाही. मला तेही पटलं नाही, पण त्यांचा आवाज खरा होता. मग त्यांनी विचारलं, "पळणाऱ्याच्या अंगात काय होतं?"  मधूनच एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "तांबडा सेटर." आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं खाली बघितलं.

"डोळ्याला थोडंच दिसतं," मॅडम म्हणाल्या. "उरलेलं आपण भरतो, आणि भरतो ते आधीपासून मनात असलेलं. मग ते कुणाला तरी सांगतो. दोनदा, चारदा सांगितलं की काय पाहिलं आणि काय भरलं, हे आपलं आपल्यालाही वेगळं काढता येत नाही. यात कुणी खोटारडा नसतो. मला भीती वाटते ती याचीच." एवढंच बोलून त्या बसल्या.

टाळ्या वाजल्या नाहीत. आमच्या मालेतलं बिनटाळ्यांचं व्याख्यान तेवढंच. मी माईकशी गेले. आभारात म्हणायची सगळी वाक्यं मला तोंडपाठ होती. एकही आलं नाही. मी "आभारी आहे" म्हणाले आणि खाली उतरले. लोक खुर्च्या उचलून रचायला लागले. एरवी ते काम सलीमच्या माणसांवर सोडून जातात.

घरी अम्मीनं त्याच्या गालाला हळद लावली. तो मला म्हणाला, "आपा, नारळ कुनाला घातलास?" "ठावं न्हाय," मी म्हणाले. तो हसायला लागला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो उठून मागच्या उघड्या दारात जाऊन उभा राहिला. अम्मीनं मला खुणेनं बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात सलीमलाही बोलावलं होतं. मी शाळेतून रजा काढली. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बाक आहे, त्यावर आम्ही बसलो. समोर जप्त केलेल्या मोटारसायकलींची रांग, त्यातल्या काहींच्या चाकांत वेल चढलेले. हवालदारांनी पाणी आणून दिलं. तात्या आले, धुवट धोतर, डोक्यावर फेट्याऐवजी टोपी. त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. सरळ आत गेले.

त्या बाकावरचं ते वाट बघणं मी विसरू शकत नाही. आत पंखा कुरकुरत होता. कुणाच्या तरी फोनची तीच तीच धून वाजत होती. मी तात्यांच्या मनात शिरायचा प्रयत्न करत होते. काल सगळ्या गावासमोर खाली मान घालावी लागलेला मानी माणूस आज काय करेल? चूक कबूल करेल, की मोटारीच्या बाबतीत तरी मी बरोबरच होतो हे दाखवायला जास्तच ठाम होईल? माणसं दुसरं करतात, हे मी शिक्षकांच्या खोलीतही पाहिलंय. शेजारी सलीम बोटांत काहीतरी गुंडाळत होता, उलगडत होता. बघितलं तर तांब्याच्या तारेचा तुकडा. खिशात राहिलेला असणार. मी तो हिसकावून माझ्या पर्समध्ये टाकला. "इथं तांबं घेऊन बसतोस?" तो दचकला. मग आम्ही दोघंही त्या पर्सकडं, तिच्यात साप असल्यासारखं बघत राहिलो.

तात्या बाहेर आले. यावेळी थेट आमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली. मला धीर नव्हता. "काय सांगितलंत, तात्या?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडलेच.

"दिसलं त्ये सांगितलं. पाठ दिसली. तोंड न्हाय दिसलं." ते टोपीची घडी घालायला लागले. "सायेब म्हनलं, तुमी तर गावात नाव घेत व्हता. म्हनलं, व्हय. पर पाठीला कुठं नाव असतंय सायेब? नाव म्याच घातलं."

 तात्या टोपीची घडी घालत राहिले. मग त्याच्याकडं न बघता म्हणाले, "माळ्यावरची जुनी मोटार काढलीया. जळल्याली हाय. भरून दिशील?"

"आना की," सलीम म्हणाला.

एवढ्यावर ते मिटलं. निदान त्या दोघांत मिटलं. तात्यांची मोटार दुकानात आली तशी हळूहळू बाकीच्यांचीही आली. माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडं माफी मागत नाहीत, काम आणून देतात. मी मात्र रागातच होते. नाव टपरीवर घेतलं होतं, मग मागंही टपरीवरच घ्यायला हवं होतं, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

चोर सापडलेच नाहीत. ऊस तुटला, हंगाम संपला, चोऱ्या थांबल्या, शिट्ट्या फडताळांत गेल्या. चोर सापडले असते तर त्या पाठीला खरा चेहरा मिळाला असता आणि माझा भाऊ सुटला असता. तसं झालं नाही. आता सलीम कुणाच्याही विहिरीवर जायच्या आधी मालकाला फोन करतो, पोचल्यावर करतो, निघताना पुन्हा करतो. शेतात शिरताना बांधावरूनच मोठ्यानं हाळी देतो. लाल, पिवळे, लांबून दिसतील असे शर्ट घालतो. जवळची वाट सोडून मोठ्या रस्त्यानं घरी येतो. लोक म्हणतात, "सलीमचं काम लई चोख." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वकीलसाहेबांनी त्या मंडपातच सांगितलं होतं की शाबीत करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. मग ज्याच्यावर कधी गुन्हाही दाखल झाला नाही, तो रोज उठून कसली साक्ष देत हिंडतोय?

यंदाचा विषय होता फोनवरची फसवणूक. वक्त्या म्हणजे तरुण पोलीस अधिकारी, बोलणं खणखणीत, लोक रंगून ऐकत होते. मी मंचाच्या कडेला बसले होते. व्याख्यान ऐन भरात आलं आणि कर्ण्यातून मध्येच सलीमचा आवाज आला, "हॅलो... चेक." बाई थांबल्या, माईककडं बघितलं, पुन्हा सुरू झाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "हॅलो, चेक." लोक हसले. "सवय हाय त्याची," पुढच्या रांगेतल्या कुणीतरी बाईंना समजावलं. माईकला काही झालेलं नसतं. मला ते माहीत आहे. त्या संध्याकाळपासून तो प्रत्येक कार्यक्रमात अधूनमधून बोलतो, म्हणजे तो टेबलाशीच आहे हे सगळ्यांच्या कानावर असावं.

साऊंडच्या टेबलाला लागून एक खुर्ची असते. तीत रंगनाथ तात्या बसतात. त्या हंगामानंतरच्या पहिल्याच व्याख्यानाला त्यांनी पुढच्या रांगेतली आपली जागा सोडली आणि खुर्ची उचलून तिकडं नेली. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं म्हणून कर्ण्याजवळ बसतो. पण त्यांची खुर्ची मंचाकडं तोंड करून नसते. ती तिरकी असते, सलीमकडं तोंड करून. ते व्याख्यान ऐकतच नाहीत.

बाईंचं भाषण संपत आलं होतं. पुन्हा एकदा, जरा हळू, "हॅलो, चेक."

आणि तात्यांनी हात वर केला, कोर्टात करावा तसा, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाय. हितंच हाय त्यो. म्या बगतुय."